डेटाबेसच्या प्रॉम्प्टवरून एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल बघताना या चुका टाळा

ओरॅकलच्या एसक्यूएल प्लस या क्लायंटच्या (डेटाबेसला जोडणाऱ्या प्रोग्रॅमच्या) प्रॉम्प्टवर 'होस्ट इको $ओरॅकल_एसआयडी' टाइप केलं, समोर इन्स्टन्सचं (चालू डेटाबेसचं) नाव उमटलं, की बहुतेक जण निर्धास्त होऊन पुढच्या कामाला लागतात. पोस्टग्रेसवाले त्यांच्या पीएसक्यूएल क्लायंटमध्ये '\! एन्व्ह' करतात, मायएसक्यूएलवाले 'सिस्टम एन्व्ह' करतात. पडद्यावर आलेलं मूल्य खोटं नसतं. पण ते कोणाचं, हा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि पुढचे तीन-चार तास तिथेच जातात.

(या लेखात सगळ्या कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं वापरायची. उलटा तिरका दंड, उद्गारचिन्ह, डॉलर ही चिन्हं आहेत तशीच ठेवायची.)

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणजे प्रोग्रॅमला सोबत मिळणारी नाव आणि मूल्य अशी जोडी. एन्व्हायर्नमेंट ही मशीनवर एकाच जागी ठेवलेली यादी नाही. प्रत्येक प्रोसेसची, म्हणजे चालू प्रोग्रॅमची, स्वतःची वेगळी यादी असते. नवी प्रोसेस जन्माला येताना आपल्या आईची यादी उतरवून घेते आणि त्यानंतर दोघींचा संबंध संपतो. आईने नंतर काही बदललं तर ते लेकीला कळत नाही, लेकीने बदललं तर आईला कळत नाही. म्हणजे तुम्ही डेटाबेसला जोडलेले असता तेव्हा निदान चार याद्या अस्तित्वात असतात: तुमच्या लॉगिन शेलची (कमांड घेणाऱ्या प्रोग्रॅमची), त्या शेलने सुरू केलेल्या क्लायंटची, क्लायंटमधून 'होस्ट' किंवा '\!' केल्यावर क्षणभरासाठी जन्मणाऱ्या शेलची, आणि डेटाबेसच्या बाजूला तुमचं काम करणाऱ्या सर्व्हर प्रोसेसची. चौथी यादी बहुधा दुसऱ्याच मशीनवर असते. 'होस्ट इको' तुम्हाला फक्त तिसरी यादी दाखवतं.

एक्स्पोर्ट न करताच 'दिसतंय की' म्हणणं

शेलमध्ये 'ओरॅकल_एसआयडी=विक्री' लिहिलं आणि 'इको $ओरॅकल_एसआयडी' केलं तर 'विक्री' दिसतं. तरीही 'एसक्यूएलप्लस / अ‍ॅज सिसडीबीए' (पासवर्डशिवाय, पूर्ण अधिकाराने जोडणी) केल्यावर ओआरए-१२१६२ ही त्रुटी येते. कारण एक्स्पोर्ट केलेलं नाही. ते मूल्य शेलने स्वतःपुरतं ठेवलं, लेकीला दिलंच नाही. ओरॅकल_एसआयडी आणि टू_टास्क दोन्ही रिकामी असली की हीच त्रुटी येते. तिचा मजकूर नेट सर्व्हिसच्या नावाविषयी बोलतो, म्हणून माणसं टीएनएसनेम्सची (जोडणीच्या पत्त्यांची) फाइल उघडून बसतात. त्या फाइलचा इथे काहीही संबंध नसतो.

उपाय सोपा आहे. तपासायला 'इको' वापरणं सोडून द्या, 'प्रिंटएन्व्ह ओरॅकल_एसआयडी' वापरा. 'प्रिंटएन्व्ह' हा स्वतंत्र प्रोग्रॅम आहे, त्यामुळे त्याला तेवढंच दिसतं जे लेकीला मिळालेलं असतं. तो गप्प बसला तर क्लायंटलाही काही मिळणार नाही. ही व्हेरिएबल्स भरणाऱ्या 'ओराएन्व्ह' स्क्रिप्टचंही असंच आहे. आधी टिंब आणि मग एक जागा सोडून '. ओराएन्व्ह' असंच चालवावं लागतं. टिंब गाळलं तर सगळं व्यवस्थित चालल्यासारखं वाटतं, पण बदल त्या स्क्रिप्टच्या शेलबरोबरच संपतात.

'\!' करून आत शिरणं आणि तिथे पाहिलेलं खरं मानणं

या चुकीकडे लोक फार कमी लक्ष देतात. पीएसक्यूएलमध्ये नुसतं '\!' टाइप करून एंटर मारलं की एक नवं शेल उघडतं. तिथे 'इको $पीजीहोस्ट' केलं आणि सर्व्हरचा बरोबर पत्ता दिसला. मग पीएसक्यूएल दुसऱ्याच सर्व्हरला का जोडलं गेलं?

कारण ते नवं शेल परस्परसंवादी आहे आणि उघडतानाच त्याने तुमची '.बॅशआरसी' ही शेलच्या सेटिंगची फाइल वाचली. दहा मिनिटांपूर्वी तुम्ही त्या फाइलमध्ये पीजीहोस्टची ओळ घातली होती. पीएसक्यूएल मात्र अर्ध्या तासापूर्वी सुरू झालं होतं. त्याच्याकडे जुनी यादी, लेकीकडे फाइलमधून आलेली नवी यादी, आणि तुम्ही लेकीला विचारून आईबद्दल निष्कर्ष काढला.

म्हणून आत शिरायचंच नाही. एका ओळीत विचारायचं: '\! प्रिंटएन्व्ह पीजीहोस्ट'. अशी कमांड साध्या 'एसएच'मार्फत चालते आणि ते '.बॅशआरसी' वाचत नाही. लिनक्सवर याहून पक्का पुरावा हवा असेल तर थेट आईची यादी वाचा:

\! टीआर '\०' '\एन' < /प्रॉक/$पीपीआयडी/एन्व्हायरन

इथे $पीपीआयडी म्हणजे त्या छोट्या शेलची आई, म्हणजे तुमचं पीएसक्यूएल. पीएसक्यूएल सुरू झालं त्या क्षणी त्याच्या हातात काय होतं ते ओळीओळीने समोर येतं. फाइलमधले भाग शून्य बाइटने वेगळे केलेले असतात, म्हणून 'टीआर' लागतं. 'कॅट' केलंत तर सगळं एकमेकांना चिकटून दिसेल.

टीमक्स किंवा स्क्रीन (शेल मागे चालू ठेवणारे प्रोग्रॅम) वापरणाऱ्यांनी हे खास लक्षात ठेवावं. आठवडाभर चालू असलेल्या टीमक्सच्या खिडकीत आठवड्यापूर्वीची यादी असते.

आणखी एक: आत शिरलेल्या शेलमध्ये 'एक्स्पोर्ट पीजीहोस्ट=...' करून 'एक्झिट' केल्यावर काहीच बदलत नाही. पीएसक्यूएलच्या स्वतःच्या यादीत बदल करायचा तर '\सेटएन्व्ह' आहे. पण तेही चालू जोडणीला हात लावत नाही. इतकंच नव्हे, नंतर '\सी' (नवी जोडणी) केलंत तरी न दिलेल्या गोष्टी तो आधीच्या जोडणीतूनच उचलतो. दुसरीकडे जायचं तर पत्ता '\सी'ला स्पष्ट द्या, नाहीतर पीएसक्यूएल बंद करून पुन्हा उघडा. पुन्हा उघडायला दोन सेकंद लागतात. ती वाचवायच्या नादात चुकीच्या डेटाबेसवर अपडेट चालवण्यात काही शहाणपण नाही.

क्लायंटचं बघून सर्व्हरचं ठरवणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

ओरॅकलवर एक तक्रार ठरलेली असते: सकाळी केलेल्या नोंदीची वेळ साडेपाच तास मागे दिसते. डीबीए (डेटाबेस सांभाळणारा) सर्व्हरवर ओरॅकल युजरने लॉगिन करतो, 'एसक्यूएलप्लस / अ‍ॅज सिसडीबीए' करतो, 'सिसडेट' विचारतो. वेळ अगदी बरोबर. 'होस्ट प्रिंटएन्व्ह टीझेड' करतो (टीझेड म्हणजे टाइमझोनचं व्हेरिएबल). उत्तर: 'एशिया/कोलकाता'. तो कळवतो की डेटाबेसमध्ये दोष नाही, अ‍ॅप्लिकेशनमध्ये बघा. अ‍ॅप्लिकेशनवाले त्यांच्या बाजूने तपासतात, त्यांना चूक दिसते, ते परत पाठवतात. असे दोन-तीन दिवस सहज जातात. दोघंही खरं सांगत असतात.

घडतं ते असं. 'सिसडेट' म्हणजे सर्व्हर प्रोसेसला ऑपरेटिंग सिस्टमकडून मिळालेली वेळ, त्या प्रोसेसच्या टीझेडनुसार. सर्व्हरवरच बसून, नेटवर्कचं नाव न देता जोडणी केली, तर तुमची सर्व्हर प्रोसेस खुद्द एसक्यूएल प्लस जन्माला घालतं. म्हणून तिला तुमच्या लॉगिन शेलची यादी मिळते, आणि तुमच्या प्रोफाइलमध्ये टीझेड बरोबर असतं. अ‍ॅप्लिकेशन मात्र लिसनरमधून (नेटवर्कवरच्या जोडण्या स्वीकारणाऱ्या प्रोसेसमधून) येतं. त्याच्या सर्व्हर प्रोसेसला लिसनरची यादी मिळते. आणि लिसनरला कोणी सुरू केलं? मशीन रीबूट झाल्यावर एखाद्या आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टने, जिने तुमचं प्रोफाइल कधी वाचलंच नाही. क्लाउडवरच्या बऱ्याच लिनक्स मशीनची मूळ वेळ यूटीसी (भारताच्या साडेपाच तास मागे) असते. लिसनरकडे टीझेड नाही, मशीन यूटीसीवर, म्हणून लिसनरमधून येणारा प्रत्येक जण साडेपाच तास मागे.

आता याचा हिशेब मांडा. १ एप्रिलला मध्यरात्री १२ वाजून १० मिनिटांनी केलेली नोंद यूटीसीत ३१ मार्च, संध्याकाळी ६ वाजून ४० मिनिटं अशी पडते. म्हणजे आर्थिक वर्षच बदललं. रोज मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळेतली प्रत्येक नोंद आदल्या तारखेला जाते. नोंदी सुधारायच्या म्हटलं तर आधी हे शोधावं लागतं की कोणती नोंद लिसनरमधून आली आणि कोणती सर्व्हरवरच्या स्क्रिप्टमधून, कारण दुसरी मुळात बरोबर असते. सरसकट साडेपाच तास मिळवले तर ज्या बरोबर होत्या त्याही बिघडतात.

तपासायची माझी ठरलेली पद्धत अशी. एकाच मशीनवर दोन खिडक्या उघडायच्या. एकीत '/ अ‍ॅज सिसडीबीए', दुसरीत '@सर्व्हिसचं नाव' लावून लिसनरमधून. दोन्हीकडे 'सिलेक्ट सिसटाइमस्टॅम्प फ्रॉम ड्युअल'. शेवटी येणारा +०५:३० किंवा +००:०० बघायचा. दोन्हीकडे वेगळा आला की पुढे शोधायला काही उरत नाही. इथे 'करंट_टाइमस्टॅम्प' वापरू नका. तो सेशनच्या टाइमझोनने चालतो, म्हणजे क्लायंटच्या, आणि नेमकी हीच गोष्ट झाकून टाकतो.

सर्व्हर प्रोसेसच्या यादीत काय आहे ते आतूनही विचारता येतं. 'सिस'च्या मालकीचं डीबीएमएस_सिस्टम नावाचं पॅकेज आहे, त्यात गेट_एन्व्ह आहे:

व्हेरिएबल एक्स व्हारचार२(२००)
एक्झेक डीबीएमएस_सिस्टम.गेट_एन्व्ह('टीझेड', :एक्स)
प्रिंट एक्स

मात्र हे तुमच्याच सेशनच्या सर्व्हर प्रोसेसची यादी सांगतं. लिसनरमधून न येता हे चालवलंत तर पुन्हा स्वतःच्याच शेलचं उत्तर ऐकाल. बाहेरून बघायचं तर 'पीएस -ईएफ'मध्ये 'टीएनएसएलएसएनआर' शोधा, त्याचा प्रोसेस क्रमांक घ्या आणि वर सांगितल्याप्रमाणे त्याची '/प्रॉक'मधली एन्व्हायरन फाइल वाचा.

दुरुस्ती करताना दोन चुका हमखास होतात. पहिली, 'ऑल्टर डेटाबेस सेट टाइम_झोन'. याने सिसडेट तसूभरही हलत नाही, त्याचा उपयोग वेगळ्याच प्रकारच्या कॉलमसाठी आहे. दुसरी, 'एलएसएनआरसीटीएल रीलोड'. रीलोडने लिसनर आपली फाइल पुन्हा वाचतो, पण प्रोसेस तीच राहते, यादीही तीच. टीझेड एक्स्पोर्ट करून लिसनर पूर्ण थांबवावा आणि पुन्हा सुरू करावा लागतो. थांबवल्याने चालू सेशन तुटत नाहीत, फक्त तेवढा वेळ नव्या जोडण्या होत नाहीत. जुनी सेशन मात्र जुन्याच वेळेवर राहतात, म्हणून अ‍ॅप्लिकेशनचा कनेक्शन पूलही (आधीच उघडून ठेवलेल्या जोडण्यांचा साठा) नव्याने सुरू करायला हवा.

आणि हाताने सुरू करून थांबू नका. हाताने केलं की समस्या नाहीशी होते आणि पुढच्या रीबूटला परत येते. तोवर हे कोणी केलं होतं तेही विसरलेलं असतं. जी स्क्रिप्ट रीबूटनंतर चालते तिच्यातच टीझेड लिहा. ग्रिड इन्फ्रास्ट्रक्चर (ओरॅकलचं क्लस्टर सांभाळणारं सॉफ्टवेअर) असेल तर 'एसआरव्हीसीटीएल गेटएन्व्ह' आणि 'सेटएन्व्ह' याच कामासाठी आहेत. डेटाबेस आणि लिसनर दोघांसाठी वेगवेगळं बघा. शेड्युलरमधून चालणाऱ्या जॉबना लिसनरची यादी मिळत नाही. त्या प्रोसेस इन्स्टन्सच्या पोटातून येतात, म्हणून इन्स्टन्स कोणत्या यादीने सुरू झाला त्यावर त्यांची वेळ ठरते. म्हणजे एकाच डेटाबेसमध्ये तीन वाटांनी येणाऱ्यांना तीन वेगळ्या वेळा दिसू शकतात.

'आयडल इन्स्टन्स' दिसताच स्टार्टअप मारणं

'कनेक्टेड टू अ‍ॅन आयडल इन्स्टन्स' ही ओळ दिसली की हात आपोआप 'स्टार्टअप'कडे जातो. आवरा. ही ओळ डेटाबेस बंद आहे असं सांगत नाही. ती इतकंच सांगते की तुमच्या ओरॅकल_होम (ओरॅकल बसवलेलं फोल्डर) आणि ओरॅकल_एसआयडी (इन्स्टन्सचं नाव) या जोडीला जुळणारा चालू इन्स्टन्स सापडला नाही.

ओरॅकल या दोन्ही अक्षरमाळा एकत्र करून शेअर्ड मेमरीची किल्ली काढतं. अक्षरमाळा, फोल्डर नव्हे. म्हणून ओरॅकल_होमच्या शेवटी एक जादा तिरकी रेघ राहिली तरी फोल्डर तेच असूनही किल्ली बदलते. सिमलिंकच्या (फोल्डरकडे नेणाऱ्या दुसऱ्या नावाच्या) वाटेने दिलेला पत्ता आणि खरा पत्ता यांचंही तेच. लिनक्सवर एसआयडीची लहान-मोठी अक्षरंही वेगळी धरली जातात. डेटाबेस शेजारी सुखरूप चालू असतो, अ‍ॅप्लिकेशन काम करत असतं, आणि तुम्हाला तो बंद वाटतो.

अशा वेळी स्टार्टअप मारलं तर बऱ्याचदा ओआरए-०११०२ येऊन माउंट नाकारला जातो आणि नुकसान टळतं. पण त्यावर विसंबू नका. एसआयडीच चुकीची असेल तर मुद्दाम बंद ठेवलेला दुसरा इन्स्टन्स उठेल. आणि याची उलट बाजू जास्त भयंकर आहे: टेस्ट समजून 'शटडाऊन अबॉर्ट' मारलं आणि ओरॅकल_एसआयडी प्रॉडक्शनची होती. '/ अ‍ॅज सिसडीबीए' पासवर्ड विचारत नाही, कुठे जाताय हेही विचारत नाही. ओरॅकल_एसआयडी नेईल तिथे जातं.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी 'होस्ट पीएस -ईएफ | ग्रेप पीमॉन'. पीमॉन ही प्रत्येक चालू इन्स्टन्सची एक प्रोसेस असते. यादीत 'ओरा_पीमॉन_' आणि पुढे एसआयडी दिसते, तिची अक्षरं तुमच्याशी जुळवा. मग होम तपासा, आणि ते कंसात घालून तपासा:

होस्ट इको "[$ओरॅकल_होम]"

चौकटी कंस असले की शेवटची तिरकी रेघ किंवा चिकटलेली मोकळी जागा डोळ्यांना लगेच खुपते. कंसाशिवाय ती कधीच दिसत नाही. पीमॉनच्या प्रोसेस क्रमांकाची एन्व्हायरन फाइल उघडून तिथल्या ओरॅकल_होमशी हे अक्षर-अक्षर जुळवा. फरक सापडला की बाहेर या, शेलमध्ये दुरुस्त करा, पुन्हा आत जा. आत गेल्यावर काहीही करण्याआधी 'सिलेक्ट इन्स्टन्स_नेम, होस्ट_नेम, स्टेटस फ्रॉम व्ही$इन्स्टन्स'. ही ओळ मी तरी कंटाळा न करता दर वेळी चालवायला लावतो. नवखे म्हणतात की प्रॉम्प्टवर नाव दिसतंच. प्रॉम्प्ट 'लॉगिन.एसक्यूएल'मधून येतो, आणि ओरॅकल १२.२ पासून ती फाइल चालू फोल्डरमधून वाचली जात नाही. लिनक्सवर ओरॅकल_पाथ लावलेला असेल तरच वाचली जाते.

देवनागरीऐवजी प्रश्नचिन्हं आली की फाँट बदलणं

मराठी नावं साठवणाऱ्या डेटाबेसमध्ये हा प्रसंग नक्की येतो. डेटाबेसचा कॅरॅक्टर सेट (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) एएल३२यूटीएफ८ आहे, टर्मिनल यूटीएफ-८ आहे, तरी 'सिलेक्ट' केलं की प्रश्नचिन्हांची रांग. माणसं टर्मिनलचा फाँट बदलत बसतात. दोष एनएलएस_लँगमध्ये, म्हणजे क्लायंटची भाषा आणि कॅरॅक्टर सेट सांगणाऱ्या व्हेरिएबलमध्ये असतो. लिनक्सवर ते दिलेलंच नसेल तर ओरॅकलचा क्लायंट यूएस७आस्की धरतो, आणि सात बिटांच्या त्या संचात 'म'ला जागा नाही.

वाचताना प्रश्नचिन्ह दिसणं परवडतं, लिहिणं परवडत नाही. अशा क्लायंटमधून 'इन्सर्ट' केलं तर अक्षरं कायमची जातात. खरं काय साठलंय ते 'डंप' या बाइट दाखवणाऱ्या फंक्शनने बघा. 'म' नीट साठला असेल तर लांबी ३ आणि बाइट २२४, १६४, १७४ दिसतात. २३९, १९१, १८९ हे त्रिकूट पुन्हापुन्हा दिसलं किंवा ६३ दिसले, तर मूळ अक्षर संपलं. ते कोणत्याही सेटिंगने परत येत नाही, मूळ कागदावरूनच भरावं लागतं.

हे तपासताना 'एनएलएस_सेशन_पॅरामीटर्स' बघून फसू नका. तिथे भाषा आणि प्रदेश दिसतो, क्लायंटचा कॅरॅक्टर सेट दिसत नाही. तो 'व्ही$सेशन_कनेक्ट_इन्फो'च्या क्लायंट_कॅरसेट कॉलममध्ये असतो. विंडोजवर आणखी एक गुंता आहे. तिथे एनएलएस_लँग बहुधा रजिस्ट्रीत असतं, म्हणून 'होस्ट इको %एनएलएस_लँग%' केलं तर तेच शब्द जसेच्या तसे परत येतात आणि व्हेरिएबल नाहीच असं वाटतं. तिथे एसक्यूएल प्लसच्या प्रॉम्प्टवर हे टाइप करा:

@.[%एनएलएस_लँग%].

अशी फाइल नसल्यामुळे एसपी२-०३१० ही त्रुटी येते, पण त्रुटीच्या मजकुरात कंसाच्या आत रजिस्ट्रीतलं खरं मूल्य छापलेलं असतं.

अंदाजाने एनएलएस_लँग डेटाबेससारखंच ठेवायची शिफारस बरेच जण करतात. ते व्हेरिएबल डेटाबेसचं वर्णन करत नाही, तुमचं टर्मिनल कोणते बाइट पाठवतं ते सांगतं. टर्मिनल खरोखर यूटीएफ-८ असेल तरच 'अमेरिकन_अमेरिका.एएल३२यूटीएफ८' लावा. आणि एनएलएस_लँग रिकामं ठेवून नुसतं एनएलएस_डेट_फॉरमॅट एक्स्पोर्ट केलंत तर तेही दुर्लक्षिलं जातं.

कंटेनरमध्ये पासवर्ड दिसतो, म्हणून तो लागू आहे असं समजणं

पोस्टग्रेसच्या अधिकृत डॉकर इमेजमध्ये पोस्टग्रेस_पासवर्ड बदलला, कंटेनर नव्याने उभा केला, 'डॉकर एक्झेक'ने आत जाऊन '\! प्रिंटएन्व्ह पोस्टग्रेस_पासवर्ड' केलं, नवा पासवर्ड दिसला. बाहेरून जोडायला गेलं तर नकार. हे व्हेरिएबल फक्त पहिल्यांदा, डेटाचं फोल्डर रिकामं असतानाच वाचलं जातं. व्हॉल्यूम (डेटा साठवलेली जागा) जुना असेल तर पासवर्डही जुनाच. भर म्हणजे कंटेनरच्या आतून सॉकेटने जोडताना मूळ मांडणीत पासवर्ड विचारलाच जात नाही, त्यामुळे 'आतून तर चालतंय' हा पुरावा निरर्थक ठरतो. पीएसक्यूएलमध्ये '\पासवर्ड' करून बदला. व्हॉल्यूम पुसून टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, पासवर्डबरोबर डेटाही जाईल.

बाकीच्या, थोडक्यात

'शो व्हेरिएबल्स' ही मायएसक्यूएल सर्व्हरची सेटिंग्ज आहेत, एन्व्हायर्नमेंट नव्हे. पोस्टग्रेसचं 'शो ऑल'ही तसंच.

पीएसक्यूएलमध्ये '\इको $होम' केलं तर '$होम' हेच छापलं जातं, कारण शेल मध्ये येतच नाही. पोस्टग्रेस १५ पासून '\गेटएन्व्ह घर होम' आणि मग '\इको :घर' करता येतं. त्याआधीच्या आवृत्तीत '\सेट घर `इको $होम`'. उलट दिशेने '\! इको :घर' चालत नाही. '\!' च्या पुढची ओळ पीएसक्यूएल हात न लावता शेलला देतं. आधी '\सेटएन्व्ह' करा, मग शेलमध्ये डॉलर लावून वाचा. एसक्यूएल प्लसमध्येही असाच फरक आहे: 'होस्ट' अँपरसँडचं व्हेरिएबल भरून देतं, '!' देत नाही.

विंडोजवर एसक्यूएल प्लसमध्ये '!' नाही, '$' चालतं. मायएसक्यूएलच्या क्लायंटमध्ये विंडोजवर 'सिस्टम' ८.०.१९ पासूनच आहे.

पुरावा म्हणून स्पूल (पडद्यावरचं उत्तर फाइलमध्ये उतरवणारी कमांड) लावून 'होस्ट एन्व्ह' चालवू नका. होस्टचं उत्तर स्पूल फाइलमध्ये उतरत नाही, कारण ते लेक थेट पडद्यावर लिहिते. पीएसक्यूएलचं '\ओ' आणि मायएसक्यूएलचं 'टी' यांचंही तेच. पीएसक्यूएलमध्ये मूल्य '\सेट'ने उचलून '\क्यूइको'ने छापलं तर ते फाइलमध्ये जातं.

मायएसक्यूएलला 'लोकलहोस्ट' दिलं की लिनक्सवर तो सॉकेटने जातो, मग पोर्टचं व्हेरिएबल काहीही असो. पोर्ट लागू व्हायला हवा असेल तर १२७.०.०.१ द्या. नेमकं कुठे जोडलो ते '\एस'ने बघा, पोस्टग्रेसमध्ये '\कॉनइन्फो'ने.

क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप) चालणारी स्क्रिप्ट तुमचं प्रोफाइल वाचत नाही, आणि 'सुडो' बरीचशी व्हेरिएबल्स पुसून टाकतं. 'हाताने चालतं, क्रॉनमध्ये चालत नाही' असं दिसलं तर स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत 'एन्व्ह | सॉर्ट' फाइलमध्ये उतरवा आणि हाताने चालवलेल्याशी 'डिफ' करा.

एसक्यूलाइटमध्ये '.शेल प्रिंटएन्व्ह होम'. मोंगोडीबीच्या मोंगोशमध्ये शेलची गरजच नाही, 'प्रोसेस.एन्व्ह.होम' लिहिलं की मूल्य मिळतं. एसक्यूएल सर्व्हरच्या एसक्यूएलसीएमडीमध्ये '$(कॉम्प्युटरनेम)' थेट क्वेरीत लिहिता येतं, पण तेही क्लायंटच्या मशीनचं नाव असतं, सर्व्हरचं नव्हे.

'एन्व्ह'चं सगळं उत्तर कॉपी करून मदत मागताना चिकटवू नका. त्यात पीजीपासवर्ड किंवा मायएसक्यूएल_पीडब्ल्यूडी असू शकतं. फक्त लागणारी नावं मागा: '\! एन्व्ह | ग्रेप ^पीजी | ग्रेप -व्ही पासवर्ड'. पोस्टग्रेसचा पासवर्ड मुळातच एन्व्हायर्नमेंटमध्ये ठेवू नये. घरच्या फोल्डरात '.पीजीपास' फाइल करा, तिला 'चमॉड ०६००' द्या. याहून मोकळी परवानगी असेल तर लिनक्सवर ती फाइल वापरलीच जात नाही, क्लायंट एक इशारा छापून पासवर्ड विचारतो. एकदा चिकटवून पाठवलेला पासवर्ड मात्र नुसता मजकूर पुसून सुरक्षित होत नाही, तो त्याच दिवशी बदलावा लागतो.